गृहोपयोगी चार गोष्टी : धुलाईयंत्र, साबण आणि फेसाचा मोह

संसारांतील कित्येक प्रश्न दिसावयास लहान, परंतु रोजचे असल्यामुळें त्यांचा ताप मोठा असतो. कपडे धुणें हा त्यांपैकींच एक. शिरूरच्या एका एकत्र कुटुंबांतील सूनबाईंनीं या सदरासाठीं एक प्रश्न पाठविला आहे, आणि दौंडकडील दोन घरांतून थोड्याफार फरकानें तोच माझ्या कानीं आला आहे. तेव्हां या महिन्याचें सदर त्यासच द्यावें असें ठरविलें.

प्रश्न असा : घरांत लहानथोर मिळून आठ माणसें, त्यांत एक सात महिन्यांचें मूल आणि एक पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. वर्षभर पैसे सांठवून समोरून दार उघडणारें, थोडक्या पाण्यांत धुणारें नवें यंत्र घेतलें. पहिला आठवडा आनंदांत गेला. दुसऱ्या आठवड्यापासून दाराच्या कांचेंत फेसच फेस, एक धुणें संपावयास दोन दोन तास, काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे, आणि मुलाच्या मानेवर व काखेंत लाली. सासूबाई म्हणतात, साबण कमी पडतो. यजमान म्हणतात, यंत्रच खोटें निघालें. दुकानदार म्हणतो, आणखी महागांतली पूड न्या. यांत खरें कोणाचें? आणि खर्च बेताचा राहून कपड्यांस व कातडीस सौम्य असें कांहीं मिळेल काय?

उत्तर आधीं सांगतों, कारणें मागून. तिघांपैकीं कोणाचेंही म्हणणें या लक्षणांशीं जुळत नाहीं. साबण कमी पडत नसून अधिक होत आहे. यंत्र खोटें नसून त्यास न मानवणारा आहार त्याच्या तोंडांत पडत आहे. आणि किंमत वाढविल्यानें हा दोष जाणार नाहीं, पूड बदलल्यानें व मोजून घातल्यानें जाईल. आतां हें कसें, तें क्रमानें पाहूं.

फेसावरील आपली श्रद्धा जुनी आहे, आणि ती अगदीं निराधारही नव्हती. इ. स. १८८८ मध्यें कलकत्त्याच्या बंदरांत लीव्हर ब्रदर्स यांच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. पुढें १९१८ च्या सुमारास आर्देशीर गोदरेज यांनीं प्राण्यांची चरबी न वापरतां वनस्पतींच्या तेलांपासून साबण तयार केला. हे दोन्ही खरे साबण, म्हणजे तेल आणि क्षार यांच्या संयोगानें झालेले. अशा साबणास पाण्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार वैरी असतात. पाण्यांत ते असले कीं पहिला साबण त्यांच्याशीं झगडण्यांतच खर्ची पडतो, चिकट साका तरंगूं लागतो आणि फेस म्हणून येत नाहीं. ते क्षार संपले म्हणजे मगच फेस दिसतो. आपल्या शाळांतील शास्त्राच्या पुस्तकांनीं म्हणूनच अशा पाण्यास दुष्फेन आणि निर्मळ पाण्यास सुफेन अशीं अन्वर्थक नांवें दिलीं. फेन म्हणजे फेस. तेव्हां त्या काळीं फेस आला याचा अर्थ, आतां मळ काढण्यासाठीं साबण शिल्लक उरला, असा होई. आमच्या आजीपणजींची ती खूण बरोबर होती.

पुढें वस्तूच बदलली. १९५९ मध्यें भारतांत सर्फ ही पूड आली. १९६९ मध्यें अहमदाबादेस करसनभाई पटेल यांनीं निरमा सुरू केली व धुण्याची पूड मध्यम आणि गरीब घरांच्या आटोक्यांत आली. या पुडींस आपण संवयीनें साबण म्हणतों, पण त्या साबण नव्हेत; मराठींत त्यांस अपमार्जक आणि व्यवहारांत डिटर्जंट म्हणतात. दुष्फेन पाण्यांत त्यांचा साका होत नाहीं आणि फेस मात्र येतो. म्हणजे खूण तीच राहिली, पण तिचा अर्थ निघून गेला. आज फेस पुष्कळ आला यावरून मळ पुष्कळ निघाला असें अनुमान करणें हें तर्कशास्त्राच्या भाषेंत हेत्वाभासाचें उदाहरण होईल.

मळ निघतो तो निराळ्याच रीतीनें. अपमार्जकाच्या प्रत्येक कणाचें एक टोक पाण्याकडे ओढ घेतें, दुसरें तेलाकडे. संस्कृतांत स्नेह या शब्दाचे तेल आणि प्रीति असे दोन्ही अर्थ होतात. या कणाच्या ठायीं ते दोन्ही एकत्र आलेले आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं. तेलाकडचें टोक कपड्यावरील चिकट मळांत रुततें, पाण्याकडचें टोक त्यास बाहेर ओढतें, आणि अशा असंख्य कणांनीं वेढलेला मळ पाण्यांत सुटा होऊन वाहून जातो. या कामांत बुडबुड्यांचा वांटा फारच थोडा.

आतां यंत्राकडे वळूं. शिरूर तालुक्यांतील वाचकांस हें यंत्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. महागणपतीच्या रांजणगांवीं जी औद्योगिक वसाहत झाली, तेथें एलजी, व्हर्लपूल, हायर अशा घरगुती उपकरणें बनविणाऱ्या कंपन्यांचे कारखाने उभे आहेत, आणि गांवोगांवचीं मुलें तेथें कामास जातात. समोरून दार असलेल्या यंत्रांतील पिंप आडवें असतें. तें फिरूं लागलें कीं कपडे वर उचलले जातात आणि स्वतःच्या भारानें खालीं आपटतात. नदीच्या घाटावर परीट कपडा दगडावर आपटतो, तेंच हें काम. फक्त बेतानें आणि थोडक्या पाण्यांत. सात किलोच्या यंत्रास एका धुण्याला सर्व खळबळण्यांसह साधारणपणें ५० ते ७० लिटर पाणी पुरतें. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेंतले, अवर्षणप्रवण. उन्हाळ्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या येथें आहेत. तेव्हां पाणी वांचविणारें यंत्र हें येथें चैनीचें नसून उपयोगाचें आहे.

परंतु पाणी थोडें याचाच अर्थ साबणही थोडा हवा. बादलीसाठीं केलेली पूड मुद्दाम भरपूर फेसाची केलेली असते, कारण गिऱ्हाईकास फेस पाहून समाधान वाटतें. ती या पिंपांत पडली म्हणजे फेसाची गादी तयार होते. कपडे त्या गादीवर अलगद पडतात. आपटणें थांबतें, मळ निघत नाहीं. यंत्रांतील जाणीव-साधनांस फेस अधिक झाल्याचें कळतें, तेव्हां तें बिचारें पुन्हा पुन्हा पाणी घेऊन खळबळूं लागतें. म्हणून धुणें दोन तासांवर जातें आणि वांचवावयाचें पाणी वायां जातें. तरीही जो अंश उरतो, तो वाळल्यावर काळ्या कपड्यांवर पांढरा दिसतो, आणि घाम आला कीं मानेशीं, काखेंत, कमरपट्ट्याखालीं पुन्हा ओला होऊन कातडीस झोंबतो. सूनबाईंनीं सांगितलेलीं चारही लक्षणें या एका कारणांतून निघतात.

याकरितां पहिला नियम असा कीं, पुड्यावर फ्रंट लोड यंत्रासाठीं असें स्पष्ट लिहिलेलें असावें. सर्फ एक्सेल, एरियल आदि नामांकित पुडींचे मॅटिक या नांवाचे निराळे प्रकार असतात, आणि त्यांतही समोरच्या दाराचे व वरच्या झाकणाचे असे दोन भेद आहेत. फेस आवरणारीं द्रव्यें त्यांत घातलेलीं असतात. इतर लहानमोठ्या कारखान्यांच्याही अशा पुडी आतां मिळतात. नांवापेक्षां हे शब्द पाहावेत. ज्यांच्या घरीं दोन कप्प्यांचें अर्धस्वयंचलित यंत्र आहे किंवा बादलींतच धुणें होतें, त्यांनीं मात्र ही महाग पूड घेण्याचें कांहींएक प्रयोजन नाहीं. त्यांस साधी पूड पुरे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी त्या खडकांतून झिरपत येतांना चुना आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतें. भांड्यांवर पांढरा थर बसणें, डाळ लवकर न शिजणें, हीं त्याचींच चिन्हें. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत जडतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा उपाय नसल्यास चालण्याजोगी मर्यादा ६०० मिलिग्रॅम धरली आहे. आपलें पाणी कसें आहे, हें घरीं अजमावतां येतें. एक स्वच्छ बाटली अर्धी भरून तींत खऱ्या साबणाच्या वडीचा कीस चिमूटभर टाकावा व बाटली जोरानें हलवावी. मात्र अपमार्जकाची वडी येथें उपयोगी नाहीं. फेस टिकला व खालचें पाणी बहुतेक स्वच्छ राहिलें तर पाणी सुफेन. पाणी दुधट होऊन वर चोथ्यासारखा साका आला तर दुष्फेन. पावसाळ्यांत पत्र्यावरून धरलेल्या पाण्याशीं ताडून पाहिल्यास फरक मुलांसही दिसेल. सुट्टींतला हा एक चांगला प्रयोग आहे.

पाणी दुष्फेन असल्यास पुडीचा कांहीं भाग तें पाणी नरम करण्यांत जातो. समजा जडता ३०० मिलिग्रॅम आहे आणि मुख्य धुण्यास यंत्र २० लिटर पाणी घेतें. तर त्या पाण्यांत सहा ग्रॅम जड क्षार झाले. म्हणजे पुडीचें माप थोडेंसें वाढवावें लागेल, दुप्पट नव्हे. बहुतेक पुड्यांवर कमी मळ, अधिक मळ, जड पाणी अशीं निरनिराळीं मापें छापलेलीं असतात. तींच प्रमाण मानावीं. येथेंच आणखी एक सूचना : साबणाच्या वड्या किसून, त्यांत धुण्याचा सोडा मिसळून घरगुती पूड करावी असा सल्ला हल्लीं पुष्कळ ऐकूं येतो. आपल्या जड पाण्यांत त्या साबणाचा साकाच व्हावयाचा, आणि तो कपड्यांत व यंत्राच्या नळ्यांत बसावयाचा. काटकसर म्हणून केलेला हा उपाय शेवटीं महाग पडतो.

आतां सौम्य या शब्दाविषयीं. पुड्यावर फुलाचें किंवा बाळाचें चित्र असलें म्हणजे आंतील वस्तु सौम्य असें ठरत नाहीं. कातडीस त्रास देणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन. एक, नीट न खळबळल्यामुळें राहिलेला अंश. हा सर्वांत मोठा अपराधी, आणि त्यावर उपाय माप कमी करणें व एक खळबळणें अधिक देणें हा आहे, ज्यास पैसा लागत नाहीं. दुसरी, सुगंधी द्रव्यें. धुतलेल्या कपड्यास वास नसणें हाच स्वच्छतेचा वास. अत्तर लावलेला मळ हा मळच. तिसरी, पातळ अपमार्जक नासूं नये म्हणून घातलेलीं कांहीं रक्षक द्रव्यें. कित्येकांच्या कातडीस हीं सोसत नाहींत. म्हणून तान्ह्या मुलांच्या व नाजुक कातडीच्या वृद्धांच्या कपड्यांसाठीं बिनवासाचें, साधें अपमार्जक घ्यावें, आणि लाली आठवड्याभरांत न गेल्यास पुड्या बदलीत न बसतां वैद्यास दाखवावें. मुलांची सर्वच लाली साबणाची नसते. घामोळें असतें, ओल्या लंगोटाची असते, आणखीही कारणें असतात.

पुष्कळांस विकरांचें, ज्यांस एन्झाइम म्हणतात त्यांचें, भय वाटतें. १९१३ मध्यें जर्मनींत ओटो रोम यांनीं प्राण्यांच्या स्वादुपिंडांतील विकर कपडे धुण्याच्या कामीं लावण्याची कल्पना काढली. आज तींच कामें सूक्ष्म जीवांपासून मिळविलेले विकर करतात. दूध, वरण, रक्त यांचे डाग प्रथिनांचे. ते फोडणारा विकर वेगळा. भाताची पेज, खळ यांचा वेगळा. तेला-तुपाचा वेगळा. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कारखान्यांतील कामगारांस विकरांची धूळ श्वासांत जाऊन दमा झाल्याचें आढळलें, आणि तेव्हांपासून त्यांवर आवरण घालून दाणे करण्याची रीत पडली. धुतलेल्या सुती कपड्यांपासून मात्र सामान्य माणसास त्यांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. त्यांच्यामुळें कोमट पाण्यांत, थोड्या पुडींत काम होतें, हा त्यांचा गुण. एवढें ध्यानांत ठेवावें कीं ते कोमट पाण्यांत काम करतात, कढत पाण्यांत मरतात. आणि रक्ताचा डाग तर कढत पाण्यांत टाकला असतां पक्काच होतो. तो आधीं थंड पाण्यांत भिजवावा.

मात्र रेशीम व लोकर हीं स्वतःच प्रथिनांचीं बनलेलीं असल्यामुळें प्रथिनें फोडणारा विकर त्यांसही कुरतडतो, आणि पुडींतील तीव्र क्षार त्यांची झळाळी घालवितो. कपड्यागणिक साबण निराळा हा विचार आपणांस नवा नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. तेथें लोकर व रेशीम यांस क्षारमाती, कुतप नांवाच्या कांबळ्यांस रिठा, अंशुपट्टांस बेलफळ, आणि जवसाच्या धाग्याच्या क्षौम वस्त्रांस पांढरी मोहरी अशी वांटणी सांगितली आहे. त्यांतील क्षारमाती रेशमास लावणें आजच्या ज्ञानास धरून होणार नाहीं. परंतु प्रत्येक वस्त्राची प्रकृति पाहून त्याचें शोधन निवडावें हें तत्त्व आजही खरें आहे. पैठणी, पीतांबर, कद, सोंवळ्याचा मुकटा, काश्मिरी शाल यांस यंत्रांत घालूं नये. रिठे रात्रीं भिजवून, सकाळीं कुसकरून, गाळून घेतलेल्या पाण्यांत हलक्या हातानें बुचकळून सावलींत वाळवावें. जरीच्या भरजरी वस्त्रास तर पाण्यापेक्षां जाणत्या धुलाईवाल्याचा हातच बरा. रोजच्या लोकरी कपड्यांसाठीं गोदरेजचें ईझी किंवा तत्सम पातळ द्रव्य चालेल. रिठ्याचें पाणी मात्र यंत्रांत कदापि ओतूं नये. त्याचा फेस आवरत नाहीं आणि चोथा गाळणींत अडकतो.

पूड बरी कीं पातळ द्रव्य बरें, हाही प्रश्न नेहमीं निघतो. पांढरे सुती कपडे, मळकट गणवेश, जड पाणी यांस पूड सरस आणि बहुधा स्वस्त. थंड पाण्यांत धुवावयाचे रंगीत व नाजुक कपडे यांस पातळ द्रव्य सोयीचें, कारण तें चटकन् विरघळतें व काळ्या कपड्यांवर खूण ठेवीत नाहीं. मोठ्या घरानें पुडीचा एक पुडा आणि पातळ द्रव्याची एक लहान बाटली ठेवावी. याहून अधिक प्रकारांची गर्दी करूं नये. कपडे मऊ करणारें जें निराळें द्रव्य विकतात, तें धाग्यांवर एक पातळ थर चढवितें. त्यामुळें पंचे व लंगोट पाणी कमी टिपतात. तान्ह्या मुलाच्या घरांत त्याची गरज नाहीं.

आतां खर्चाचें त्रैराशिक. पुड्याची किंमत ही खरी किंमत नव्हे; एका धुण्यास पडणारी किंमत ती खरी. समजा एक पूड किलोस १०० रुपये आहे आणि एका धुण्यास १०० ग्रॅम लागते. तर धुण्यास १० रुपये पडले. दुसरी किलोस २०० रुपये, पण ४० ग्रॅम पुरते. तर धुण्यास ८ रुपये. दिसावयास दुप्पट महाग असलेली पूड व्यवहारांत स्वस्त झाली. रोज एक धुणें धरल्यास वर्षास ७३० रुपयांचा फरक. परंतु याच दुसऱ्या पुडीचें माप डोळ्यांनीं अजमावून ४० ऐवजीं ६० ग्रॅम पडूं लागलें, तर दर धुण्यास ४ रुपये अधिक, म्हणजे वर्षास १,४६० रुपये गेले, आणि वर कातडीची आग विकत घेतली. तात्पर्य, कोणती पूड यापेक्षां किती पूड हा प्रश्न पैशाच्या दृष्टीनेंही मोठा आहे. स्वयंपाकघरांतील तराजूवर एकदां ४० ग्रॅम तोलावे, तें ज्या चमच्यांत अगर वाटींत बसतील तिच्यावर खूण करावी, आणि ती वाटी पुडीच्या डब्यांतच ठेवावी. मग धुणें कोणीही लावो, माप एकच राहील.

डागांविषयीं दोन शब्द, कारण डाग निघत नाहींत म्हणूनच लोक पूड वाढवितात. हळदीचा डाग अपमार्जकानें लाल होतो तेव्हां पुष्कळ जणी घाबरतात. क्षार लागला कीं हळद लाल व्हावयाचीच. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी कृति याच गुणावर बसविलेली आहे. या रंगास उजेड सोसत नाहीं. म्हणून धुवून कडक उन्हांत टाकावें. दोन तीन उन्हांत डाग उडतो, आणि आपल्याकडे ऊन फुकट आहे. दौंडच्या जंक्शनावर वाफेचीं इंजिनें होतीं त्या काळीं रेल्वेच्या वसाहतींतील दोऱ्यांवरचें धुणें कोळशाच्या कणांनीं काळें होई असें वडील माणसें सांगतात. तीं इंजिनें गेलीं. पण तालुक्यांतील गुऱ्हाळांची काजळी हंगामांत अजून कपड्यांवर येऊन बसते. काजळी ओल्या हातानें चोळली कीं आंत शिरते. कपडा आधीं कोरडाच झटकावा. सदऱ्यांच्या गळपट्ट्या व बाह्यांच्या कडा यांवर वडीचा हात फिरवून, तो फेस पाण्यानें काढून टाकून मगच यंत्रांत द्याव्या. पिंप गच्च भरूं नये; वर वीतभर जागा राहिली तरच कपडे आपटतील.

पांढऱ्या कपड्यांस पूर्वीं आपण नीळ देत असूं. पुडींत आतां उजळा आणणारीं द्रव्यें असतात. तीं उन्हांतील अदृश्य किरणें घेऊन निळसर प्रकाश परत देतात आणि डोळ्यांस कपडा अधिक शुभ्र भासवितात. यांत मळ निघण्याचा संबंध नाहीं. दिसतें तसें नसतें, हें साबणाच्या जाहिराती वाचतांनाही विसरूं नये.

यंत्राची निगा राखली तर साबण कमी लागतो. धुणें झाल्यावर दार थोडें उघडें ठेवावें, रबरी कडेच्या घडींतील पाणी फडक्यानें टिपावें, पुडीचा कप्पा आठवड्यास धुवावा आणि खालची गाळणी महिन्यास साफ करावी. महिन्यांतून एकदां रिकामें यंत्र ६० अंश अगर अधिक उष्णतेवर चालवावें. चिकट थर व कुबट वास जातो. जड पाण्यानें आंतील तापविणाऱ्या सळीवर चुन्याचें पुट बसतें. तें काढण्यास यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितल्या मापानें लिंबूसत्त्व चालतें. परंतु लिंबूसत्त्व, व्हिनेगर अशा आंबट पदार्थांबरोबर कपडे पांढरे करण्याचें क्लोरिनयुक्त पाणी कधींही मिसळूं नये. त्यांतून विषारी वायु सुटतो, आणि बंद न्हाणीघरांत तो प्राणावर बेतूं शकतो. हें वाक्य घरांतील प्रत्येकास वाचून दाखवावें.

शेवटीं, धुण्याचें पाणी मोरींतून गेलें म्हणजे संपलें असें नव्हे. शिरूरची घोडनदी पुढें भीमेस मिळते. पुण्याचें सांडपाणी घेऊन येणारी मुळामुठा शिरूर तालुक्यांतील रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळते. ती भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयांत जाते, आणि तें पाणी सोलापूरकडील लोक पितात. पूर्वीं पाश्चात्य देशांतील अपमार्जकें कुजत नसत, तेव्हां नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगत. १९६० नंतर तेथील कायद्यांनीं व कारखान्यांनीं लवकर कुजणारीं द्रव्यें आणलीं. तरीही सांडपाण्यांतील फॉस्फेट पाण्यांतील शेवाळास खत होतें, आणि कोणतीही पूड अधिक झाली कीं तिचा भार नदीवरच. वरच्या गांवानें वाटीभर पूड कमी घातली तर खालच्या गांवाच्या घागरीवर तेवढा उपकार होतो.

तर सूनबाईंनीं असें करावें. चालू पुडा फेंकूं नये. बादलींतल्या धुण्यास व पायपुसण्यांस वापरून संपवावा. यंत्र एकदां रिकामेंच, पूड न घालतां, गरम पाण्यावर चालवावें. आंत सांठलेला फेस निघून जाईल. मुलाचे व आजींचे कपडे एकदां नुसत्या पाण्यावर फिरवून घ्यावेत. मग फ्रंट लोडची बिनवासाची अगर मंद वासाची साधी पूड आणून छापील मापानें, त्यांच्या कपड्यांस एक खळबळणें अधिक देऊन, पंधरा दिवस पाहावें. सासूबाईंशीं वाद न घालतां त्यांस काळें पातळ वाळल्यावर दाखवावें. पांढरा पट्टा नसला म्हणजे त्या आपण होऊन मान्य करतील. संसार केलेलें माणूस पुराव्यास नाहीं म्हणत नाहीं.

आणि यजमानांस एक विनंती. यंत्र घेण्याचा निर्णय आपण केला, पावती आपण जपून ठेविली. त्याबरोबर आलेली पुस्तिकाही आपणच वाचावी, आणि आठवड्यांतून दोन दिवस धुणें स्वतः लावावें. खूण केलेली वाटी डब्यांत आहेच. यंत्रानें बायकांचे श्रम कमी व्हावेत म्हणून तें घरांत आणलें. तें चालविण्याचा, त्याचे दोष ऐकण्याचा आणि त्याच्या फेसाबद्दल बोल खाण्याचा भार जर एकट्या सुनेवरच राहिला, तर श्रमांचें नांव बदललें, श्रम कांहीं कमी झाले नाहींत.